गणितानंद कापरेकर मास्तर



हा लेख वाचण्यापूर्वी एक कोरा कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसा. ज्यांच्या जीवनाची ओळख येथे करून द्यावयाची आहे, त्यांची आयुष्यभराची पुंजी याहून फारशी मोठी नव्हती. ते कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. ते माझ्यासारखेच एक शाळामास्तर होते. तरीदेखील आज जगाच्या पाठीवर जेथे जेथे संख्यांच्या गमतीजमतीचा अभ्यास होतो, तेथे तेथे त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. स्नेही मंडळी त्यांना गणितानंद म्हणत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू म्हणजे समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे, हा वाद आपण बाजूला ठेवू. परंतु कुंडली मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. घरात सतत चाललेली ही आकडेमोड पाहून लहानग्या दत्तात्रयाला अंकांची गोडी लागली. तो आठ वर्षांचा असताना आई वारली. आईविना वाढलेल्या या मुलाला अंकांची सोबत मिळाली, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाल्यावर १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तेथे शिकत असतानाच, १९२७ साली, गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढील शिक्षण झाले नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळाली या लष्करी छावणीच्या गावी त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि १९६२ साली तेथूनच ते निवृत्त झाले. म्हणजे बत्तीस वर्षे एकच गाव, तोच फळा आणि तोच खडू.

वाचकहो, एवढेच चरित्र असते तर ते या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण नव्हते. असे प्रामाणिक शिक्षक आपल्या नायगाव, बिलोली, देगलूर भागातही पुष्कळ होऊन गेले. परंतु शाळा सुटल्यावर कापरेकर मास्तर जे करीत, ते आता पाहू. पेन्सिल हातात घ्या.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एवढीच की चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी संख्या बनवा, लहानात लहान संख्या बनवा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करा. उत्तरात तीनच अंक आले तर पुढे शून्य धरा. आपण मास्तरांचे जन्मसाल १९०५ हेच घेऊ.

९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१.
९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२.
८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३.
७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६.
९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४.
६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६.
७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४.

आता ६१७४ चे पुन्हा तसेच करा. ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४! गाडी येथे थांबली ती थांबलीच. आपले स्वतःचे जन्मसाल घ्या, नाहीतर बसस्टँडवर उभ्या असलेल्या गाडीच्या एम. एच. २६ पुढचे चार आकडे घ्या. फार तर सात वजाबाक्यांत आपण ६१७४ ला येऊन पोचाल. मास्तरांचे मृत्युसाल १९८६ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते, म्हणजे त्यांच्या जन्मसालाच्या वाटेवरचाच एक मुक्काम, आणि तेथून पुढे दोन्ही साले एकाच वाटेने जातात.

यात जादू नाही व चमत्कारही नाही. कारण समजून घ्या. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले, तर वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते. पहिल्या व चौथ्या अंकातील फरकाची ९९९ पट, आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकातील फरकाची ९० पट, या दोहोंची बेरीज म्हणजे ते उत्तर. पहिला फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो. दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकाइतका असू शकतो, त्याहून अधिक नाही. मोजून पाहिले तर अशा जोड्या ५४ च भरतात. हजारो संख्या पहिल्याच पायरीवर या ५४ दारांतून आत येतात. आठवीतला विद्यार्थी एका सुट्टीच्या दिवसात ही सर्व ५४ दारे तपासून पाहू शकेल. स्वतः तपासल्याशिवाय माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. गणितात तो हक्क प्रत्येकाला आहे.

ही गोष्ट कापरेकरांना १९४९ साली सापडली. त्याच साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि पुढे ती परदेशी नियतकालिकात छापून आली. आज ६१७४ या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आणखी एक नमुना पाहा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या असे नाव मिळाले आहे. १४२८५७ ही मोठी संख्याही याच घराण्यातली. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातील २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज १४२८५७ येते. याचेही कारण शोधता येते. ७०३ आणि त्याच्या आधीची संख्या ७०२ यांचा गुणाकार करा. ७०३ म्हणजे १९ गुणिले ३७, आणि ७०२ म्हणजे २७ गुणिले २६. यातील ३७ आणि २७ यांचा गुणाकार ९९९ येतो. उरलेल्या १९ आणि २६ यांचा गुणाकार ४९४. वर्गाचा डावा तुकडा ४९४ कोठून आला, ते आता उमगले असेल.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ६१७४ ही स्वतः हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले असता ३४३ येतात, म्हणजे ७ चा घन. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनावर ही कल्पना सुचली, त्याचे ते त्या काळचे नाव. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात. स्टेशनावर आपल्याला गाडीचा उशीर दिसतो, मास्तरांना तेथेही अंक दिसले.

परंतु त्यांचे सर्वांत मोठे धाडस मला वाटते ते असे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात. तेव्हा १५ हा २१ चा जनक झाला. असे पाहू लागलो तर काही संख्यांना जनकच सापडत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या तशा संख्या आहेत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटले. इंग्रजी पुस्तकांत त्यांचे एक नाव देवळाली संख्या असेही आहे. पाहा, एका मास्तराने आपल्या नोकरीच्या गावाचे नाव गणितात कायमचे लावून ठेवले!

काही संख्यांना मात्र दोन जनक असतात. १०१ चे जनक ९१ आणि १००. मग तीन जनक असलेली लहानात लहान संख्या कोणती? ती तेरा शून्यांच्या कोटीतली आहे. एकावर तेरा शून्ये मांडून एक मिळवला की ती येते. आणि चार जनक असलेली? १९६१ च्या जून महिन्यात कापरेकरांना ती सापडली. ती पंचवीस अंकी आहे. पाहा:

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

हिच्या नावाला आपल्या परार्धाची मोजणीही पुरत नाही. हिचे चार जनक असे:

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १००
१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० ०९१
९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९०२
९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ८९३

अंकांच्या बेरजा अनुक्रमे २, ११, २०० आणि २०९. प्रत्येक जनकात त्याची बेरीज मिळवून पाहा, उत्तर तेच येईल.

एवढ्या अफाट संख्येचे जनक शोधायला मोठे यंत्र लागत असेल, असे वाटते. तसे मुळीच नाही. पंचवीस अंकांची बेरीज फार तर २५ गुणिले ९, म्हणजे २२५ होते. म्हणून जनक शोधायचा तो मागच्या २२५ संख्यांतच. त्यातही एक चाळणी लावता येते. कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागले तर बाकी सारखीच राहते. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४, म्हणून बाकी ४. जनकाच्या बाकीची दुप्पट केली की ही बाकी यायला हवी. तेव्हा जनकाची बाकी २ च असली पाहिजे. म्हणजे दर नवातली एकच संख्या तपासायची. २२५ च्या जागी २५ उरल्या. हे काम वहीच्या चार पानांत होते. खरी कसोटी निराळी आहे: याहून लहान अशी एकही संख्या नाही, हे जाणणे. तेथे चिकाटी लागते आणि डोके शांत ठेवावे लागते.

आता कटू भाग. या कामाचे कौतुक कापरेकरांच्या वाट्याला आपल्या देशात वेळेवर आले नाही. गणिती परिषदांना ते स्वखर्चाने जात. आपल्या शोधांच्या छोट्या पुस्तिका ते पदरमोड करून छापीत. काही महाविद्यालये त्यांना आवडीने व्याख्यानाला बोलावीत, हे खरे. परंतु पुष्कळ विद्वानांना हे सारे पोरखेळासारखे वाटे. याचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न असे. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. अंकांचा नाद मात्र तसाच राहिला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या गाजलेल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव देशोदेशी पोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते आणि ६१७४ सापडून सव्वीस वर्षे झाली होती. १९८६ साली ते हे जग सोडून गेले.

वाचकहो, येथे मला स्वतःबद्दल थोडे लिहावे लागेल. मी बी. ए., बी. एड. आहे. माझा विषय इतिहास. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका गावी असताना, गणिताचे शिक्षक नव्हते म्हणून आठवीचे गणित माझ्याकडे आले. मला स्वतःलाच त्या विषयाची धास्ती होती. पाठ्यपुस्तकाची ओळ सोडून एक पाऊल इकडेतिकडे टाकायची माझी तयारी नव्हती. त्या वर्गात एक मुलगी होती. वह्या तपासताना तिच्या वहीच्या मागच्या पानावर मला आकड्यांची रांग दिसली. १. मग १ अधिक ३ बरोबर ४. मग १ अधिक ३ अधिक ५ बरोबर ९. अशी ती १९ पर्यंत गेली होती आणि १०० ला पोचली होती. विषम संख्या ओळीने मिळवीत गेले की वर्गसंख्या येतात, हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिचे तिला सापडले होते. मी काय केले? हे परीक्षेला नाही, वही खराब करू नकोस, असे म्हणून त्या पानावर लाल शाईची फुली मारली.

दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले. माझ्यामुळे थांबले असे मी म्हणत नाही. कॉलेज दूर होते, एस. टी. ची वेळ जुळत नव्हती आणि घरची अडचण होती. परंतु शिक्षण चालू ठेवा, मुलीच्या डोक्यात काही आहे, असे तिच्या अब्बांना जाऊन सांगू शकेल असा एकच माणूस त्या गावात होता, आणि त्यानेच त्या पानावर फुली मारली होती. पुढे कापरेकरांविषयी वाचले तेव्हा मला प्रथम ते पान आठवले. याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो.

आपल्या समाजाला हा विषय परका आहे का? मुळीच नाही. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करणाऱ्या अल् ख्वारिज्मी यांनी हिंदुस्थानातील अंक आणि त्यांची गणनपद्धती यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांतून ही पद्धती युरोपात पसरली. आज संगणकाची मुले अल्गोरिदम हा शब्द रोज उच्चारतात; तो त्यांच्याच नावाचा अपभ्रंश आहे. ठरलेल्या पायऱ्या पुन्हा पुन्हा करीत जाणे म्हणजे अल्गोरिदम. आपण वर १९०५ चे जे केले, ते हेच. बगदादचा विद्वान आणि देवळालीचा मास्तर यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, पण दोघांच्या हातांतले अंक तेच आहेत. शून्यासह ते दहा अंक आपल्या नायगावच्या आठवडी बाजारातही रोज वापरले जातात.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानावर काही आकडे मांडताना दिसली, तर लगेच रागावू नका. अम्मीला समजत नसेल, अब्बांना वेळ नसेल, तरी एवढे विचारा की हे काय आहे, मला सांग. सांगता सांगताच मूल शिकते. आणि दहावीनंतर मुलीला घरी बसवण्याचा विचार मनात आला, तर त्याआधी एकदा तिच्या शिक्षकांना भेटा. कापरेकरांजवळ फार पैसा नव्हता, फार मोठी पदवी नव्हती; परंतु बी. एस्सी. होईपर्यंत त्यांचे शिक्षण चालू राहिले. आई गेलेल्या, कारकुनाच्या त्या मुलाचे शिक्षण आठवीत थांबले असते, तर ती पंचवीस अंकी संख्या त्याच्या हाती लागली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला उपदेश करीत नाही, काम देतो. ५४ दारे तपासा. तीन अंकी संख्येचे असेच केले तर वाट कोठे थांबते, ते शोधा. ५० पासून १०० पर्यंतच्या सर्व स्वयंभू संख्या काढा. उत्तर मी येथे देत नाही. ज्याला किंवा जिला ते सापडेल, त्याने वही घेऊन माझ्याकडे यावे. मागचे पान असले तरी चालेल. माझ्याजवळ लाल पेन अजून आहे, परंतु त्या पानावर आता फुली होणार नाही.